जिंकणाऱ्याची टोपली

वैशाखात लुंगमारला गेलात, तर डोंगर उघडे पडलेले असतात आणि रस्त्याकडेचा बर्फही काळवंडून संपलेला असतो. फक्त गावाच्या खालच्या टोकाला, कड्याच्या सावलीत, एका खड्ड्यात पांढरा ढीग तेवढा उरलेला दिसतो. त्यावर भुसा पसरलेला असतो. ढिगाच्या पायथ्यातून एक बारीक पाट निघतो आणि खालच्या एकाच शेतात शिरतो.

हिवाळ्यात गेलात, तर त्याहून चमत्कारिक गोष्ट पाहायला मिळते. लुंगमार विद्यापीठाच्या पुरुषांच्या आइस हॉकी संघाचा सामना संपतो. जिंकलेले खेळाडू पात्यांचे बूट उतरवतात न उतरवतात तोच पाठीला टोपल्या बांधतात, मैदानावरून खरवडलेला बर्फ त्यांत भरतात आणि निसरड्या वाटेने त्या खड्ड्याकडे निघतात. हरलेले मात्र शेगडीभोवती बसून लोण्याचा खारा चहा पितात, आणि प्रत्येकाच्या मांडीवर गावातलं एकेक तान्हं पोर असतं. पाहुणे आधी हसतात, मग फोटो काढतात आणि शेवटी बांधावर बसलेल्या थुप्तन मेमेंना विचारतात, "हे असं उलटं कसं?" मेमे म्हणजे आजोबा. मेमे त्यांना बसायला जागा करून देतात आणि सांगू लागतात.

त्या काळी, असे सांगतात, इथे विद्यापीठ नव्हतं. नुकतंच निघालेलं चार खोल्यांचं कॉलेज होतं. बर्फ पडला की रस्ता बंद, रस्ता बंद झाला की मास्तर सुट्टीवर, आणि मुलं तेवढी मागे राहायची. खालच्या छावणीतले जवान गोठलेल्या नदीवर खेळताना त्यांनी पाहिले होते. त्यांनी लोहाराकडून जुन्या बुटांना पाती ठोकून घेतली, वाळुंजाच्या फांद्या वाकवून काठ्या केल्या, बुटाच्या टाचेची चकती केली, आणि गावच्या तळ्यावर संघ उभा राहिला. रिगझिन नावाचा लांब हातापायांचा मुलगा कप्तान झाला. त्याला कुणी नेमलं नव्हतं. तो सगळ्यांत जास्त वेळा पडायचा आणि सगळ्यांत आधी उठायचा, म्हणून तो कप्तान.

पण तळं काही खेळायला बांधलेलं नव्हतं. झऱ्याचं पाणी हिवाळाभर त्यात साठायचं, गोठायचं, आणि थंडी सरली की वितळून पाटाने शेतांत जायचं. वरच्या हिमनदीचं पाणी उशिरा उतरतं. तोवर जव जगायचा तो या तळ्यावर. पाळी ठरलेली होती. आधी वरची शेतं, मग मधली, आणि सगळ्यांत शेवटी देचेनचं.

देचेन तेव्हा तरुण होती. नवरा आदल्या वर्षी खिंडीत हिमकड्याखाली गेला होता. मागे ते शेवटचं शेत राहिलं, आणि एक तान्हा मुलगा. पोर झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना हे बघणाऱ्यांतली ती होती. काळजी करायला तिला कारण लागत नसे, आणि हे तिचं तिलाही ठाऊक होतं. म्हणून तळ्याच्या खालच्या बांधामागची खडी ओली दिसली, तेव्हा तिने आधी स्वतःलाच दटावलं. असेल काहीतरी. तुला काय, कोरड्या जागीही पूर दिसतो. पण दुसऱ्या दिवशी ओल आणखी पसरलेली होती. मग तिने वाकून हात लावला.

झालं होतं असं. खेळून खेळून बर्फ खडबडीत होतो. मुलं रोज फावड्याने वरचा थर खरवडत आणि तो चुरा बांधापलीकडे भिरकावून देत. बांधापलीकडे ऊन. चुरा वितळे आणि खडीत जिरून जाई. चुरा तो काय, असंच कुणालाही वाटलं असतं. देचेनचं शेत पहिलं असतं तर तिलाही वाटलं असतं. पण तळ्यातून जे कमी होईल, ते पहिल्याचं नव्हे आणि मधल्याचंही नव्हे. ते शेवटच्याचं. एक पाणी चुकलं तरी तिचा जव करपणार होता, आणि जव गेला की पोराला पाठीवर बांधून घाटात खडी फोडायला जावं लागणार होतं. शेजारची एक जण तशी गेली होती. ती परत आली, तिचं पोर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलं खेळायला आली, तर तळ्याच्या मधोमध देचेन बसलेली. शेजारी टोपलीत, लोकरीत गुंडाळलेला मुलगा.

"आचे, उठता का? खेळायचंय," रिगझिन म्हणाला. आचे म्हणजे ताई.

"खेळा की. मला वळसा घालून खेळा."

"चकती लागेल तुम्हाला."

"माझ्या शेताला लागलीच आहे."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "काय आचे, मूठभर बर्फासाठी एवढं!"

"मूठभर रोज," देचेन म्हणाली. "जा, बांधामागे जाऊन बघून ये तुझी मूठ."

तो गेला नाही, रिगझिन गेला. परत आला तेव्हा त्याचा मोजा ओला होता आणि तो हसत नव्हता. पण छावणीच्या संघाशी सामना ठरून गेला होता. लुंगमारचा पहिलाच सामना. मागे हटायला तोही तयार नव्हता. म्हणे दोघंही तसेच समोरासमोर राहिले, ती बसलेली आणि तो उभा, आणि शेवटी गावप्रमुखाला बोलवावं लागलं.

गावप्रमुखाला खेळही आवडत नसे आणि भांडणही. त्याने दोन्हींचा एकदाच निकाल लावला. "सामना होऊ द्या. हरलात तर तळ्याकडे पुन्हा फिरकायचं नाही, संघबिंघ सगळं बंद. जिंकलात तर दर हिवाळ्यात खेळा."

"आणि माझं पाणी?" देचेनने विचारलं.

"चुरा बाहेर टाकणार नाहीत. तळ्यातच एका कडेला टाकतील."

"तिथे टाकला तर तो वरच्या शेतांच्या पोटात जाईल. माझ्या शेताच्या वर, कड्याखाली खड्डा आहे. तिथे ऊन येत नाही. तिथे आणून टाकायचा."

"बरं बाई. जो हरेल तो वाहील. शिक्षा म्हणून."

सगळ्यांनी माना हलवल्या. देचेनने हलवली नाही. चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती, पण ती बोलली. "हरलेला उद्या येणारच नाही. त्याच्यामागे मी कुठे धावू? ज्याला उद्या पुन्हा खेळायचंय, त्याने वाहायचं."

मग तेच ठरलं. खड्ड्यात बर्फ खरंच टिकेल का, हे देचेनलाही माहीत नव्हतं. पण तेवढं ती बोलली नाही.

सामन्याच्या दिवशी अख्खा गाव बांधावर जमला. छावणीच्या गोलपुढे हवालदार मोहिते उभे होते, साताऱ्याकडचे, तालमीत वाढलेले. म्हणे त्यांना बर्फावर नीट चालताही येत नव्हतं, पण ते एकटेच अर्धा गोल अडवून धरत. चकती त्यांच्या छातीवर आदळायची आणि ते ती झुरळासारखी झटकून टाकायचे. मुलांचं काही चालेना.

देचेन मुलाची टोपली घेऊन गोलच्या मागेच बसली होती. मुलांनी हरावं असंच तिला वाटत होतं, अगदी मनापासून. हरले की तळं सुटलं, पाणी सुटलं. पण रिगझिन पडला, ओठ फुटला, बर्फावर लाल ठिपके पडले, आणि तो कुणाच्या हाताची वाट न बघता उठला, तेव्हा "ऊठ, ऊठ!" असं कोण ओरडलं म्हणून तिने आजूबाजूला पाहिलं. ओरडली होती तीच. आता काय म्हणावं आपल्याला, असं पुटपुटत तिने शालीचं टोक तोंडाशी धरलं.

सूर्य कड्यावर टेकला. बरोबरी चालली होती. रिगझिन चकती घेऊन एकटाच सुटला. आणि म्हणे नेमकं त्याच वेळी टोपलीतलं पोर रडलं. साधंसुधं नाही, श्वास अडकल्यासारखं टाहो फोडून. मोहित्यांची मान वळली. एवढ्याशा वेळासाठी. गावी त्यांचंही एक पोर होतं, त्यांनी अजून पाहिलेलंही नव्हतं. मान परत वळेपर्यंत चकती दोन पायांमधून आत गेली होती.

हा गोल धरायचा की नाही, यावर लुंगमारमध्ये अजून भांडणं होतात. मोहित्यांनी मात्र स्वतःच हात वर केला. गोल झाला म्हणाले.

मुलं एकमेकांच्या गळ्यात पडली. देचेन मुलाला थोपटत बसून राहिली. तिच्याच पोराने तिचं पाणी घालवलं होतं. मग ती उठली आणि त्या गर्दीत शिरली.

"चुरा," ती म्हणाली.

"आचे, आज पाय उचलत नाहीत. उद्या सकाळी नक्की."

"बांधावर पहिलं ऊन येतं. सकाळी काय उचलाल?"

रिगझिनने बांधाकडे पाहिलं. सामन्यासाठी दिवसभर खरवडलेला बर्फ तिथे कमरेइतका साचला होता. "टोपल्या कुठायत पण?" त्याने विचारलं. खरंच नव्हत्या. शब्द सगळ्यांनी दिला होता, टोपली एकानेही आणली नव्हती.

देचेनने इकडेतिकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. आणि तिने टोपलीतून मुलगा उचलून बाहेर काढला. एका हातात पोर, दुसऱ्या हातात रिकामी टोपली, आणि फावडं धरायला तिसरा हात नाही, अशी ती उभी राहिली. पोराने पुन्हा सूर लावला.

तेव्हा मोहिते डुलत डुलत पुढे आले आणि त्यांनी हात पसरले. "द्या हिकडं. ह्याच्यापायी हरलो, आता ह्याला सोडतो व्हय?"

देचेनला त्यातला एक शब्द कळला नाही. अनोळखी माणूस, अनोळखी बोली, हात फावड्याएवढे. पोर हातून सुटलं तर? सर्दी झाली तर? त्याने उलटं धरलं तर? एरवी ती शेजारणीकडेही मूल देत नसे. पण ऊन उद्या सकाळी येणारच होतं. तिने मूल त्या हातांत ठेवलं.

"उगी, उगी," मोहिते म्हणाले आणि शेगडीशी जाऊन मांडी घालून बसले. पोर गप्प झालं.

देचेनने लोकरीचं अस्तर न काढताच टोपली बर्फाने भरली आणि पाठीला लावली. दोन पावलं गेली नसेल, तेवढ्यात रिगझिनने मागून टोपली धरली. "ही माझी. मी जिंकलोय." फुटल्या ओठाने त्याला नीट हसताही येत नव्हतं. त्याने टोपली घेतली आणि तो उतरू लागला. मग बाकीचे लाजले. कुणी शेणाची पाटी आणली, कुणी घोंगडी पसरून तिची झोळी केली. ते पाहून बांधावरच्या बायकाही उठल्या, आणि उठता उठता त्यांनी आपापली पोरं छावणीच्या जवानांच्या मांडीवर ठेवली. नाही म्हणायला त्यांना सवडच मिळाली नाही. अंधार पडेपर्यंत बांध मोकळा झाला होता. देचेनने घरातला सगळा भुसा आणून त्या ढिगावर पसरला, पोराला पांघरूण घालावं तसा, कडा खोचून.

त्यानंतर हिवाळाभर मुलं खेळली, आणि जो जिंकला त्याने वाहिलं.

वसंत आला. तिला भीती होती तेच झालं. झरा त्या वर्षी बारीक होता, आणि मधल्या शेतांची पाळी संपता संपता तळ्याचा तळ दिसला. देचेनने पहाटे खड्ड्याकडे जाऊन भुसा बाजूला केला. आत बर्फ होता. निळसर, घट्ट, खालून पाझरणारा. तिने खड्ड्याचं तोंड उघडलं आणि पाण्याबरोबर शेतातून चालू लागली, त्याच्या पुढे न जाता. मागे रिगझिन आणि सगळा संघ चालत होता. म्हणे ते पाणी शेताच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं, एक थेंब पुढे नाही. एकच पाणी. पण हिमनदी उतरेपर्यंत जवाला तेवढंच हवं होतं.

पुढे कॉलेजचं विद्यापीठ झालं. छपराचं मैदान आलं, बर्फ खरवडायला मोटारीसारखं यंत्र आलं, शेतांना नळाचं पाणी आलं. नवीन आलेल्या एका साहेबांनी टोपल्या बंद करायला सांगितल्या. खेळाडू दमतात, म्हणाले. त्या वर्षी देचेन हयात नव्हती. पहिला सामना विद्यापीठाने जिंकला, आणि कुणी काही बोलायच्या आत कप्तानाने भिंतीवर जपून टांगलेली देचेनची छोटी टोपली काढून पाठीला लावली. साहेबांनी पुन्हा विषय काढला नाही.

इथवर सांगून मेमे चहा मागवतात. तुम्ही प्रत्येक गोष्टीला 'म्हणे' का जोडता, असं एखादा पाहुणा विचारतोच. "मग काय सांगू?" मेमे म्हणतात. "मी तिथे होतो, पण रडत होतो."

आजही लुंगमारला सामना संपला की जिंकलेल्या संघाचा कप्तान सगळ्यांत छोटी टोपली उचलतो. तिला आत लोकरीचं अस्तर असतं. बाहेरगावचा संघ जिंकला तर तोही कुरकुरत का होईना, वाहतो. आणि हरलेले शेगडीभोवती बसतात. एखादं पोर रडू लागलं, तर खांद्यांवर जाड पॅड घातलेला, दात पडलेला एखादा आडदांड खेळाडू त्याला अलगद छातीशी धरतो आणि म्हणतो, "उगी, उगी." ही कुठली भाषा, असं विचारलं तर तो चकित होऊन बघतो. "आमचीच," म्हणतो, "लुंगमारची."