पिठी मांजरीची नि पहिल्या भोपळ्याची कहाणी

ऐक परसमाये, तुझी कहाणी. आटपाट गाव होतं, गावाच्या टोकाला कुडाचं घर होतं. तिथं चिमाई एकटी राहायची. नवरा देवाघरी, लेक दूरदेशी. जवळ काय, तर मागचं परसू नि पिठी मांजरी. वांग्यांना पाणी घालताना चिमाई पिठीशी बोले, भाकरी मोडताना पिठीशी बोले. आपण माणसाशी शेवटचं कधी बोललो, तिचं तिला आठवेना.

सासूनं तिला परसमायचा, परसातल्या देवीचा, वसा दिला होता. "वेलीचं पहिलं फळ आपल्या चुलीवर शिजवू नये. शेजारणीला द्यावं, घटकाभर तिच्यापाशी बसावं, मग घरी यावं." पण चिमाईला राग आला. "माझ्या दारी कोण येतं? मी का जाऊ?" तिनं वसा टाकला. मग पहिला दोडका रांधला, तो कडू निघाला. पहिलं पडवळ चिरलं, ते किडकं निघालं. पहिली काकडी एकटीनं खाल्ली, त्या संध्याकाळी पिठी घरी आली नाही.

मग चिमाईनं चुलीमागं पाहिलं, मांडवाखाली पाहिलं, विहिरीत डोकावलं. पिठी नाही. घर खायला उठलं. मग ती शोधायला निघाली. रिकाम्या हाती कुणाच्या दारी कसं जावं, म्हणून वेलीचा पहिला भोपळा पदराखाली घेतला.

पहिल्या दारी बाई म्हणाली, "अगंबाई, चिमाई! तू गावातच होय? आम्हांला वाटलं, लेकाकडे गेलीस." दुसऱ्या दारी पोरं विचारू लागली, "आई, ही कोण?" चिमाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिसरं दार कुंपणापलीकडच्या येसाईचं. म्हातारीला दिसत नव्हतं. तिच्या पायाशी टोपलीत पिठी, नि पिठीला बिलगलेली पिल्लं.

"कोण गं? हिला न्यायला आलीस?" येसाई म्हणाली. "काल इथंच व्याली. रोज दुपारी येते बाई. मनातलं सगळं हिलाच सांगते. दुसरं आहे कोण मला?"

चिमाई तिच्यापाशी बसली. मध्ये एवढंसं कुंपण, नि दोघी एकाच मांजरीशी बोलत होत्या! तिला सासू आठवली.

"न्यायला नाही आले, येसाई. भोपळा आणलाय. विळी कुठं आहे?"

मग चिमाईनं भोपळा चिरला, येसाईच्या चुलीवर शिजवला, दोघींनी खाल्ला. गोड लागला.

लेक काही परत आला नाही, खोटं कशाला सांगू? चिमाई अजून एकटीच निजते. पण दुपार झाली की कुंपणातल्या खिंडारातून पुढं पिठी जाते, मागून चिमाई जाते.

जशी परसमाय चिमाईला पावली, तशी तुम्हांआम्हां एकट्यादुकट्यांना पावो. साठां बोलांची कहाणी पांचा बोलांत सरली, ऐकणारीच्या परसात फळो.