शेवटच्या नंबरची शाळा

तालुक्यातल्या सरकारी शाळांची तुलना झाली आणि सभापती भर बैठकीत गरजले, "वरच्या वाडीची शाळा पहिली, खालच्या वाडीची शेवटची. खालची बंद करा!"

खालच्या वाडीच्या मुख्याध्यापिका गावितबाई समोरच बसल्या होत्या. वरच्या वाडीचे खैरनार गुरुजी मिशीत हसत होते. अभ्यासात कच्ची मुलं हेच गुरुजी दरवर्षी बाईंकडे पिटाळायचे.

बाई शांतपणे उठल्या. "चालेल, साहेब. आमची सगळी मुलं गुरुजींच्या शाळेत घाला. पुढच्या वर्षी त्यांचा नंबर कितवा येतो, ते बघू."

गुरुजी ताडकन उभे राहिले. "नको, साहेब! बाईंची शाळा राहू द्या. त्या मुलांना त्यांच्यासारखं कोणी शिकवत नाही!"

सभापतींना सगळा उलगडा झाला. हुकूम तिथेच मागे घेतला गेला आणि बाईंचा जीव भांड्यात पडला.