मागे राहणाऱ्या सिंहाचा माग

पूर्वी शोणावती नगरीत पद्मरथ राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राज्याच्या कडेला, अरण्यालगतच्या एका वस्तीत, पागी होऊन जन्मला होता. जमिनीवरच्या पावलांवरून जनावर कुठून आले आणि कुठे गेले हे जो वाचतो, त्याला पागी म्हणत. त्याचे नाव रोहिल. पागी लोकांची एक रीत होती. ताजे पाऊल सापडले की ते त्यावर मातीचे पसरट परळ पालथे घालीत, म्हणजे वाऱ्याने ते बुजत नसे. परळ दिसले की गुराखीसुद्धा वळसा घालून जात.

त्या अरण्यात तीन सिंह होते, तिघे भाऊ. नदीपासून टेकडीपर्यंतचा मुलूख त्यांनी मिळून धरला होता. एकट्या सिंहाला असा मुलूख राखता येत नाही. बाहेरचे येतात, त्याला हाकलतात आणि त्याची पिल्ले मारून टाकतात. म्हणून तिघे रोज शिवेवरून फिरत, झाडांच्या बुंध्यांवर आपला वास सोडत आणि पहाटे गर्जना करीत. ही शीव एका जागी राहत नसे. पावसाळ्यात ती टेकडीकडे सरके, उन्हाळ्यात नदीकडे. आज ती कुठे आहे ते रोहिल सांगे, आणि गवळीवाड्याची गुरे तेवढी जागा सोडून चरत. तीन वर्षांत वाड्याचे एक वासरू गेले नव्हते.

शोणावतीच्या सिंहासनावर दर बारा वर्षांनी सिंहाचे नवे कातडे अंथरीत. ते वर्ष आले तसा पद्मरथ धनुष्य घेऊन वस्तीवर आला. राजा काही दुष्ट नव्हता. मारायचाच तर असा सिंह मारावा की ज्याच्यावाचून कोणाचे अडणार नाही, असे त्याला वाटत होते आणि ते त्याने बोलूनही दाखवले.

मुंजक नावाचा दुसरा पागी लगेच पुढे झाला. "महाराज, तिघांत एक लंगडा आहे. त्याचं पाऊल नेहमी दोघांच्या पावलांवर पडलेलं असतं, म्हणजे तो मागून येतो. उरलंसुरलं खातो. तो गेला तर त्या दोघांना ओझं उतरल्यासारखं वाटेल."

मुंजकाच्या वाचनात खोट नव्हती. पाऊल खरेच वर पडलेले होते.

गवळीवाड्याची गोमती म्हातारी काठी टेकीत आली होती. ती म्हणाली, "रोहिलदादा, नदीपल्याड चार सिंह फिरतायत म्हणून तूच परवा सांगितलंस. इकडचं मोडलं तर ते अलीकडे येणार. मग आमची गुरं कुठं न्यायची? आणि पोरं?"

राजाने रोहिलकडे पाहिले.

"महाराज," रोहिल म्हणाला, "मुंजकाने वाचलं ते मीही वर्षभर वाचत होतो. माझंही चुकलं होतं. तीन दिवस माझ्याबरोबर चला. मग तुम्ही म्हणाल त्या सिंहासमोर मी तुम्हाला उभं करीन."

राजा कबूल झाला. पहिल्या दिवशी रोहिलने त्याला एका सादड्याच्या झाडाखाली नेले आणि पालथे परळ उचलले. खाली लंगड्याचे पाऊल होते, एका बाजूने उथळ उमटलेले. "हे सगळेच बघतात," रोहिल म्हणाला. "आता चार हात पुढे बघा." पुढे गवत दोन ठिकाणी दबलेले होते. दोन मोठी जनावरे तिथे बराच वेळ बसून होती. लंगड्याची पावले तिथपर्यंत आली होती आणि तिथून पुढे तिघांची पावले शेजारी शेजारी निघाली होती.

दुसऱ्या दिवशी राजाने स्वतः परळे उचलली. शिवेवरच्या प्रत्येक झाडाजवळ तेच. "हा मागे राहत नाही," राजा हळूच म्हणाला. "हे दोघे थांबतात."

"का थांबतात ते उद्या बघू," रोहिल म्हणाला.

तिसऱ्या दिवशी उजाडताना ते नदीकाठच्या खडकाआड बसले. पलीकडच्या वाळूत चार सिंह उभे होते. तरणे, भरल्या अंगाचे. अलीकडे दोघेच. चौघांनी पाण्यात पाय घातला. दोघे जागचे हलले नाहीत आणि गर्जलेही नाहीत. त्यांनी फक्त मान वळवून मागे पाहिले.

झाडीतून लंगडा आला. त्याला घाई नव्हती. राजाच्या बाणाच्या टप्प्यातून तो इतका सावकाश गेला की तीन बाण सोडून झाले असते. तो दोघांच्या मधे जाऊन उभा राहिला आणि त्याने पहिला आवाज काढला. मग तिघे गर्जले.

ते ऐकून काय वाटले हे राजाला पुढे कधी सांगता आले नाही. तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हताच. खडक थरथरत होता, नदीचे पाणी थरथरत होते आणि राजाच्या छातीत कोणी नगारा ठेवावा तसे झाले होते. एवढे मोठे काही आपल्याच राज्यात रोज पहाटे होत असते आणि आपण झोपलेले असतो, याचे त्याला आश्चर्य वाटले आणि लाजही वाटली. पाण्यात उतरलेले चौघे थांबले, एकमेकांकडे पाहू लागले आणि आल्या वाटेने परतले.

राजाच्या हातातला बाण केव्हा गळून पडला ते त्याला कळले नव्हते. तिघे निघून गेल्यावर तो वाळूत उतरला. त्याने लंगड्याचे ताजे पाऊल शोधले आणि आपल्या हाताने त्यावर परळ पालथे घातले. मुंजकाने मान खाली घातली. राजाने त्याला दोष दिला नाही.

सिंहासनावर काय अंथरायचे, असे अमात्यांनी विचारले, तेव्हा राजाने गोमतीने दिलेली काळी घोंगडी पुढे केली. ती टोचते, अशी कुरकूर पुढे बरीच वर्षे दरबारात चालली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, श्रावस्तीच्या जेतवनात सांगितली, तेव्हा समोर वेणुक आणि सुदंत हे दोन तरुण भिक्षू चारिकेला, गावोगावच्या पायी फेरीला, निघण्याच्या तयारीत बसले होते. वृद्ध धम्मिल स्थविरांना मागे ठेवायचे त्यांनी ठरवले होते. स्थविरांचा गुडघा दुखे. ते गावात पोचेपर्यंत भिक्षेची वेळ टळून जाई.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पद्मरथ राजा म्हणजे आज दाराशी बसलेला उपासक मेंडक. मुंजक म्हणजे भिक्षू कालक. गोमती म्हणजे भिक्षुणी सेला. रोहिल पागी मीच होतो. लंगडा सिंह म्हणजे हे धम्मिल स्थविर." मग ते वेणुक आणि सुदंत यांच्याकडे वळले. "आणि झाडाझाडापाशी थांबणारे ते दोघे सिंह तुम्ही होता. तेव्हा तुम्ही पशू होता, तरी थांबत होता."

धम्मिल स्थविरांनी डोळे पुसले. मागे राहिलेल्यासाठी थांबणे ही मैत्री आहे, आणि शास्त्यांनी या कथेत तिचीच पारमिता, तिची परिपूर्णता, सांगितली.

दुसऱ्या दिवशी श्रावस्तीबाहेरच्या पहिल्या वडाखाली गवत दोन ठिकाणी दबलेले होते, आणि तिथून पुढे धुळीत तिघांची पावले शेजारी शेजारी गेली होती.