दारातले बांबू

“मग सोमवारपासून वर्ग माझ्याकडे ना, बुवा?”

वामनबुवा सुपारी कातरत होते. कातरत राहिले.

टेकडीवरच्या त्या मठात संध्याकाळी गावातली मुलं लिहायला-वाचायला येत. इतकी वर्षं बुवाच शिकवत आले होते. आता डोळे साथ देईनात. मार्तंड त्यांचा सगळ्यात जुना शिष्य, त्यात बी.एड. झालेला. वर्ग आपल्यालाच मिळणार याबद्दल त्याला शंका नव्हती. फक्त बुवांच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.

बुवा बोलेनात, तेव्हा त्यानं आपला माल मांडायला घेतला. हल्लीच्या पोरांना सलग चार ओळी लिहिता येत नाहीत, म्हणाला. दिवसभर मोबाइलवर बोटं नाचतात, मग पेपरातही तसंच तुटक तुटक. आईवर निबंध लिहा म्हटलं तर ‘आई छान आहे’ आणि पुढे एक हसरा चेहरा. वाचायचं नाही, विचार करायचा नाही, एकानं लिहिलं की बाकीच्यांनी तेच उतरवायचं. असल्यांना वळण लावायचं तर शिकवणाराही तसाच पाहिजे.

बोलणाऱ्याला बोलू द्यावं, भाव आपोआप कळतो, हे बुवांना दुकान न टाकताच ठाऊक होतं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“येताना दारातले बांबू पाहिलेस, मास्तर?”

“पाहिले. मांडव घालताय वाटतं.”

“माझ्यासाठी आणलेत.”

मार्तंडला काही उमगलं नाही. मग बुवांनी सावकाश सांगितलं. काल त्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून गावानं हार घातला, शाल दिली. आज सकाळी कुणीतरी तो फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला. आणि थोड्याच वेळात खालच्या वस्तीवरचे दोघे बांबू, सुतळी आणि मडकं घेऊन टेकडी चढून आले. बुवा ओट्यावर दात घाशीत बसले होते. त्यांना बघून एकाच्या हातातलं मडकंच सुटलं.

मार्तंड तापला.

“कुणी सांगितलं त्यांना असलं? नाव सांगा बुवा, मी बघतो त्याला.”

“फोन काढ. सकाळचं वाच. मोठ्यानं.”

मार्तंडनं फोन उघडला. हार घातलेले बुवा. फोटोखाली सत्काराबद्दल सात-आठ ओळी. आणि त्याखाली पहिलं उत्तर त्याचं स्वतःचं. ग्रुपवर सगळ्यांच्या आधी उत्तर देतो, याचा त्याला कोण अभिमान.

“भावपूर्ण...”

तो तिथेच थांबला.

“पुढे?”

“...श्रद्धांजली.”

जोडलेले हातही होते. त्याखाली मुलं. आईबापांच्या फोनवरून, एकाखाली एक, तेच दोन शब्द, तेच जोडलेले हात. अंगठा वर सरकत राहिला, यादी संपेना. एका पालकानं विचारलं होतं, दहावा कुठल्या घाटावर.

 आत काय आहे ते न बघता पोतं शिवावं, वर आपला शिक्का मारावा, आणि भर बाजारात सोडल्यावर त्यातून दगड पडावेत, तशी मार्तंडची गत झाली.

बांबू आणणारे ते दोघे काय म्हणत होते, तेही बुवांनी सांगितलं. म्हणे, मास्तरांनीच लिहिलंय म्हटल्यावर विचारायचं काय राहिलं?

“बुवा, मी... हार दिसला. खालचं वाचलं नाही.”

“वाचलं नाहीस. मग लिहिलं कुणी?”

“पहिलं अक्षर दाबलं की पुढचं फोनच...”



 बुवांनी चटई झटकली, सरळ केली आणि तिच्यावर उताणे पडले. हात छातीवर. पायांचे अंगठे एकमेकांना जुळवलेले. डोळे मिटलेले.

मार्तंडनं हाक मारली. पुन्हा मारली.

...

छाती हलतेय का, हे तो वाकून पाहू लागला. शाल जाड होती, काही कळेना.  त्यानं बुवांचे पाय घट्ट धरले, डोकं टेकलं. वर्ग गेला खड्ड्यात, म्हणाला, पण एकदा बोला, बुवा. चुकलो म्हणाला, आणखीही बरंच काही म्हणाला. त्यातलं एकही वाक्य फोननं सुचवलेलं नव्हतं.



बुवांनी डोळे उघडले नाहीत.

“मढ्याला शिवलास ना? आता आंघोळ केल्याशिवाय मुलांत जाऊ नकोस.”