तीन सभांचं एकमत

एका गावात नारबा नावाचा एक भोळा दवंडीवाला होता. गाव एवढंसं, पण राजा हौशी. त्याने कारभाराला तीन सभा नेमल्या. थोरली म्हाताऱ्यांची, मधली व्यापाऱ्यांची, धाकटी कुणब्यांची. एकाच छपराखाली तीन दालनं, मध्ये भिंती. तिघींचं एकमत झालं की लगेच दवंडी, असा नियम. पण एकमत कधी झालंच नव्हतं.

ओढ्यावर पूल हवा होता. नारबाची बायको दोनदा घागरीसकट वाहून जाता जाता वाचली होती. त्यामुळे राजाच्या दिवाणजींनी पुलाच्या ठरावाचा कागद दिला, तसा नारबा हुरळला.

दिवाणजी म्हणाले, "हा थोरल्या सभेच्या कानावर घाल."

नारबा गेला. सभापती डुलक्या घेत होते. विडी खोचावी तसा त्याने कागद त्यांच्या कानावर खोचला. म्हातारा किंचाळत उठला. "गांधीलमाशी! गांधीलमाशी!" सभा उधळली.

"अरे गाढवा," दिवाणजी म्हणाले, "सभेत ढोल वाजवून खणखणीत सांगावं!"

"जी."

मधल्या सभेत एक शेठ वारले होते. सगळे माना खाली घालून गप्प उभे. नारबाने ढोल बडवला. धडाम् धडाम्! व्यापाऱ्यांनी त्याला उचलून बाहेर टाकलं.

"मूर्खा," दिवाणजी म्हणाले, "तिथे रडवं तोंड करावं. म्हणावं, 'फार वाईट झालं, देवाची मर्जी!'"

"जी."

धाकट्या सभेत पेढे वाटत होते. सभापतींना बारा वर्षांनी मुलगा झाला होता. नारबाने गळा काढला, "फार वाईट झालं हो! देवाची मर्जी!" कुणब्यांनी त्याला ओढ्यापर्यंत पिटाळलं.

"नारबा, तुझ्यापुढे मी हात टेकले," दिवाणजी म्हणाले.

नारबानेही खाली वाकून टेकले.

दिवाणजी उसासले, "तुझा तरी काय दोष? या तिघींमधल्या भिंती पडल्याशिवाय एकमत व्हायचं नाही."

"एवढंच ना?" नारबा पहार घेऊन गेला. सभा भरलेल्या होत्या. पहिली भिंत पडली. दुसरी पडली. वरचं आढं कडकडलं. म्हातारे, व्यापारी, कुणबी एका आवाजात ओरडले, "पळा!"

नारबाच्या डोळ्यांत पाणी आलं. एकमत! त्याने ढोल गळ्यात अडकवला.

"ऐका हो ऐका! तिन्ही सभांनी एकमताने ठरवलंय, पळा!"

तव्यावर भाकरी टाकून बाया पळाल्या. न्हावी वस्तरा घेऊन पळाला, अर्धं डोकं भादरलेलं गिऱ्हाईक त्याच्या मागे. सगळ्यांच्या पुढे राजा, एका पायात जोडा. आणि सगळ्यांच्या मागे नारबा, जीव तोडून ढोल बडवत. कारण थांबायचं कधी, ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.