भिवाच्या घरट्याची गाठ

फार वर्षांमागे एका विहिरीवर वाकलेल्या बाभळीत सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. तिथला शिरस्ता असा, की घरटं अर्धं झालं की थांबायचं. म्हाताऱ्या गोदाक्काने फांदीवरची गाठ ओढून पाहिली, की मगच पुढचं विणायचं.

भिवाला कुठला धीर! त्याची जोडीदारीण साळू अंडी घालायला आलेली. त्याने गाठीवरूनच विणत घरटं पुरं केलं. साळू मात्र आत येईना. "आक्का बघून जाऊ देत," म्हणत बाहेरच बसली.

गोदाक्का आली. "सुरेख विणलंयस रे. पण गाठ कुठंय?"

"आत गेली की, आक्का. घट्ट आहे."

"मग वरचं उसव."

"सगळं?"

"माझीही गाठ घट्टच वाटली होती," खाली विहिरीकडे बघत म्हातारी म्हणाली. "आत पिल्लं होती."

भिवाने मुकाट्याने उसवलं. गोदाक्का गाठीला लोंबकळली, हिसके देऊन पाहिले. "घट्ट आहे रे बाबा."

"मग उसवलं कशाला मी?" भिवा उखडला.

साळू भुर्रकन उडाली आणि त्या उसवलेल्या घरट्यात जाऊन निवांत बसली.