कोठीच्या किल्ल्या

"पण महाराज, ती इथली कशी?"

मठाची धान्याची कोठी सांभाळणाऱ्या विश्वंभराने तिसऱ्यांदा विचारलं. निरंजनबुवा मठाच्या ओटीवर वाती वळत बसले होते. पायाशी मठाची मांजर, मनी, चारी पाय ताणून पडली होती.

प्रश्न झरमीनाचा होता. ती काबूलहून आलेली; मठासमोर तंदूर लावून नान भाजायची. चौदा वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवून, शपथ घेऊन ती रीतसर इथली नागरिक झाली होती. यंदा गावच्या मतदारयादीत तिचं नाव पहिल्यांदाच लागलं होतं. ते काढून टाकावं, असा अर्ज विश्वंभराने वळणदार अक्षरात लिहून आणला होता. मुदत आज संध्याकाळपर्यंतची. अर्जावर बुवांची सही असली, की पुढे बोलायची गावात कुणाची छाती नव्हती.

"मग इथला कोण?" बुवांनी विचारलं.

"जो इथे जन्मला तो."

"तिनं शपथ घेतलीय म्हणे."

"शपथ काय, तोंडानं घ्यायची. जन्म असा तोंडानं घेता येतो का?"

बुवांनी हातातली वात खाली ठेवली.

"खरंय तुझं," ते म्हणाले. "किल्ल्या दे."

कोठीच्या किल्ल्या. विश्वंभर त्या कमरेला लावून असा चालायचा, की तो यायच्या आधी त्या यायच्या. पण सहीपुढे किल्ल्या काय, म्हणून त्याने त्या काढून दिल्या.

बुवांनी कापसाचा दोरा वळला आणि जुडगा मनीच्या गळ्यात बांधला.

"महाराज, हे काय…"

"ही याच कोठीत जन्मली. हिची आईसुद्धा. तू नऊ वर्षांमागे धारवाडहून आलास."

"पण मी दीक्षा घेतलीय. तुमच्यासमोर, पाच जणांच्या साक्षीनं."

"तोंडानंच ना?"

मनी जांभई देऊन उठली आणि किल्ल्या वाजवत कोठीच्या कौलांवर जाऊन बसली.

पंगतीची वेळ झाली. चुलीवर आधण उकळू लागलं. तांदूळ कोठीत, कुलूप दाराला, किल्ल्या कौलांवर. विश्वंभराने चुचकारून पाहिलं, दरडावून पाहिलं. घरच्या माणसावर आवाज चढवू नये, असं आचारी म्हणाला, तेही हसू दाबून.

शेवटी त्याने सायीचं आमिष दाखवायचं ठरवलं. साय मिळाली, वाटी मात्र आचाऱ्याने दिली नाही, उष्टी होईल म्हणाला.

विश्वंभराच्या काखेत अर्ज होता. त्याने अर्जाकडे पाहिलं. आटत चाललेल्या आधणाकडे पाहिलं…

अर्जाचा द्रोण झाला. सायीत आधी झरमीनाचं नाव भिजलं, मग खालची त्याची सही.

शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून त्याने द्रोण पुढे केला. "ये गं, मने…"

खाली बुवांनी वातीवरची नजर काढली नाही.

"अहो म्हण. त्या इथल्या आहेत."